जमिनीवरचा खर्च आणि हवेतला खर्च

प्रश्न : सर, मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत मामांच्या यंत्रमागाच्या कारखान्यात काम करून बारा हजार रुपये साठवलेत. त्यात घरी ड्रोन विमान बनवायचंय. चार पंख्यांचं नको, खऱ्या विमानासारखं पंख असलेलं हवंय. मी काढलेली यादी अशी : २२०० केव्हीची मोटर, ३० अँपिअरचा ईएससी, २२०० एमएएचची बॅटरी, जीपीएससह फ्लाइट कंट्रोलर, कॅमेरा आणि त्याचा ट्रान्समीटर. रिमोट अर्डुइनोवर घरीच करणार, म्हणजे तेवढे पैसे वाचतील. यादी बरोबर आहे का?
– एक विद्यार्थी, इचलकरंजी

उत्तर : यादीतली एकेक वस्तू वाईट नाही, पण पैशांची वाटणी उलटी झाली आहे. जे विमानाबरोबर आपटणार आहे त्यावर तू बहुतेक पैसे लावलेस आणि जे कायम तुझ्या हातात राहणार आहे तिथे काटकसर केलीस.

खर्चाचे दोन भाग कर. एक जमिनीवरचा आणि दुसरा हवेतला. रिमोट, चार्जर, सिम्युलेटरची केबल आणि वजनकाटा या वस्तू जमिनीवर राहतात. त्या कधी पडत नाहीत, आणि आज घेतलेला चांगला रिमोट तुझ्या पाचव्या-सहाव्या विमानालाही चालतो. फोम, मोटर, सर्वो, प्रोपेलर हवेत जातात, आणि पहिलं विमान पडतंच. त्यात कमीपणा काही नाही, शिकणाऱ्याचं विमान असंच घडतं. म्हणून बारा हजारांतले निम्म्याहून थोडे जास्त जमिनीवर खर्च कर आणि हवेतलं सगळं स्वस्त, दुरुस्त होणारं ठेव.

आता अर्डुइनोच्या रिमोटबद्दल. नॅनो बोर्ड आणि एनआरएफ२४ मॉड्यूल जोडून रिमोट तयार होतो, अनेक विद्यार्थी तो करतात, आणि त्यातून इलेक्ट्रॉनिक्स उत्तम शिकता येतं. पण पहिल्याच विमानाला तो लावू नकोस. विमान पडलं तर चूक पंखात होती, तोल चुकला होता, बोटं चुकली होती की सिग्नल तुटला होता, हे तुला सांगताच येणार नाही. शिवाय सिग्नल तुटल्यावर मोटर बंद करण्याची ओळ प्रोग्राममध्ये नसेल, तर शेवटचा मिळालेला हुकूम तसाच चालू राहतो आणि फिरत्या पंख्याचं विमान कुठेही जातं. रिमोट तयारच घे. फ्लायस्कायचा एफएस-आय६ हा सहा चॅनलचा, २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट रिसीव्हरसह साधारण पाच हजारांत येतो. रेडिओमास्टर पॉकेटसारखे नवे रिमोटही चांगले आहेत. घेताना ‘मोड २’ माग, म्हणजे थ्रॉटल डाव्या काठीवर येतो. आपल्याकडे बहुतेक जण असाच उडवतात, त्यामुळे मैदानावर कुणाची मदत घ्यायची वेळ आली तर त्याच्या हाताला तुझा रिमोट परका वाटणार नाही. आणि फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर मोटर बंद होण्याची सोय, स्वतः लावायला विसरू नकोस. प्रोपेलर काढून ठेव, मोटर चालू कर, मग रिमोट बंद कर. मोटर थांबली पाहिजे. ती थांबेपर्यंत मैदानावर जायचं नाही.

हवेतल्या भागाची सुरुवात तू मोटरपासून केलीस. सुरुवात वजनापासून करायची असते. किती वजन उडवायचंय, त्यासाठी केवढा पंख लागेल, मग त्याला कोणती मोटर, मोटरला कोणता ईएससी, म्हणजे वेग-नियंत्रक, आणि शेवटी बॅटरी, असा क्रम ठेवलास तर निम्म्या शंका आपोआप मिटतात.

एक मीटर लांब आणि वीस सेंटीमीटर रुंद पंख धरू. क्षेत्रफळ वीस चौरस डेसिमीटर. पाच मिलिमीटरच्या कागदी फोमबोर्डचं धड-पंख मिळून साधारण ३०० ग्रॅम, बॅटरी १३०, मोटर ५५, ईएससी २५, दोन सर्वो १८, रिसीव्हर १५, आणि प्रोपेलर, तारा, गोंद धरून अजून शंभरेक. म्हणजे सुमारे ६५० ग्रॅम. दर चौरस डेसिमीटरला ३२-३३ ग्रॅम भार आला. शिकाऊ विमानासाठी तो चाळिशीच्या आत असला की बरं. या भाराला तुमच्या भागातल्या हवेत विमान ताशी सत्तावीसेक किलोमीटरपर्यंत हळू होऊ शकतं, त्याखाली पंख उचल सोडतो. तेच विमान जीपीएस, कॅमेरा आणि मोठी बॅटरी घालून ९०० ग्रॅमचं केलंस, तर हा आकडा बत्तिसाच्या पुढे जातो. फरक पाचच किलोमीटरचा दिसतो, पण विमान उतरवताना विचार करायला मिळणारा वेळ त्यातच जातो, आणि आपटण्याचा जोर वजनाबरोबर आणि वेगाच्या वर्गाबरोबर वाढतो. म्हणून स्वयंपाकघरातला तीनशे रुपयांचा डिजिटल वजनकाटा मी या यादीत आग्रहाने घालतो. दुकानात जातानाही तो पिशवीत असू दे. फोमबोर्ड म्हणून सनबोर्ड गळ्यात मारला जातो, तो पीव्हीसीचा असतो आणि विमानासाठी फार जड आहे. तुला मधे हलका फोम आणि दोन्ही बाजूंना कागद असलेला बोर्ड हवाय. डेप्रॉन मिळाला तर तो त्याहून कितीतरी हलका, पण लवकर मोडतो, त्यामुळे त्यावर टेपची पट्टी लागते.

केव्ही म्हणजे भार नसताना दर व्होल्टला मोटर मिनिटाला किती फेरे घेईल तो आकडा. तीन सेलच्या ११.१ व्होल्टच्या बॅटरीवर २२०० केव्हीची मोटर कागदावर २४ हजारांच्या पुढे फेरे घेते. तिला सहा इंचांच्या आसपासचा लहान प्रोपेलर लागतो आणि ती लहान, वेगवान विमानांत शोभते. तुला उलट हवंय, म्हणजे मोठा प्रोपेलर आणि सावकाश फेरे. ए२२१२ मोटर १००० केव्हीची घे, त्यावर १०४५ प्रोपेलर, म्हणजे दहा इंच व्यास आणि साडेचार इंच पिच. तीन सेलवर हा जोड सातशे-आठशे ग्रॅमचा रेटा देतो. शिकाऊ विमानाला वजनाच्या निम्मा रेटा पुरतो, त्यामुळे आपलं विमान अर्ध्या थ्रॉटलवरच आरामात फिरेल.

पूर्ण थ्रॉटलला ही मोटर साधारण १० ते १३ अँपिअर घेते. ३० अँपिअरचा ईएससी म्हणजे भरपूर मोकळीक, तो तसाच राहू दे. विकत घेताना दोन गोष्टी विचार. त्यात बीईसी आहे का? म्हणजे रिसीव्हर आणि सर्वोंना पाच व्होल्ट त्यातूनच मिळतात, वेगळी बॅटरी लागत नाही. दुसरं, तो विमानासाठीचा आहे का? सायमनकेचा ईएससी चार पंख्यांच्या ड्रोनसाठी असतो, बॅटरी उतरली तरी तो मोटर बंद करत नाही, आणि लिपो बॅटरी त्यात कायमची जाते.

बॅटरी २२०० ऐवजी १५०० एमएएचची घे. पन्नासेक ग्रॅम वाचतात. तिच्यातला ऐंशी टक्के साठा वापरायचा म्हणजे १२०० एमएएच. सरासरी आठ अँपिअर धरले तर नऊ मिनिटं होतात. नवशिक्याचं लक्ष त्याआधीच थकतं, तेव्हा हा वेळ कमी नाही. लिपोच्या बाबतीत मात्र हयगय नको. एका सेलचं भरलेलं व्होल्टेज ४.२. आठवडाभर उडवणार नसशील तर ३.८च्या आसपास ठेव, आणि ३.५ला ओरडणारा शंभर रुपयांचा अलार्म बॅलन्स प्लगला लावूनच उडव. चार्जिंग फरशीवर, डोळ्यांसमोर. गादीवर नाही, झोपेत नाही, फुगलेली बॅटरी तर अजिबात नाही. बी३ जातीचा साधा चार्जर पाच-सहाशेला येतो. १५०० एमएएच भरायला त्याला दोनेक तास लागतात, पण तो तिन्ही सेल सारखे भरतो. पुढे पैसे जमले की बी६ घे.

विमानाला एलिरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, नकोत. रडर, एलिव्हेटर आणि थ्रॉटल एवढ्या तीनच चॅनलवर उडव. त्यासाठी पंखाची दोन्ही टोकं मध्यापेक्षा पाच-सहा सेंटीमीटर उचललेली ठेव. असा पंख एका बाजूला कलला तरी काठी सोडल्यावर बऱ्याच अंशी स्वतः सावरतो, आणि शिकणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. दोन सर्वो कमी लागतात, म्हणजे पैसे आणि वजन दोन्ही वाचलं. मात्र रडरचा सर्वो रिसीव्हरच्या पहिल्या चॅनलला, एलिरॉनच्या जागी जोड. वळण उजव्या काठीवर येतं, आणि पुढे एलिरॉनचं विमान हाती आलं तरी बोटांना नवं काही शिकावं लागत नाही. सर्वो एसजी९० घे, पण चार घे. दोन विमानात, दोन डब्यात. त्यांचे प्लास्टिकचे दाते आपटल्यावर पहिले तुटतात.

बाकीचं सामान घरगुती. ग्लू गन, पारदर्शक टेप, बांबूच्या काड्या, एक मिलिमीटरची पोलादी तार, आणि कंट्रोल हॉर्नसाठी मुदत संपलेलं एटीएम कार्ड. पंख धडाला चिकटवू नकोस. आरपार घातलेल्या काड्यांना रबर बँडने बांध. विमान आपटलं की रबर सुटतो, पंख बाजूला होतो आणि दोन्ही वाचतात. प्रोपेलरही ओ-रिंगने धरणाऱ्या प्रॉप सेव्हरवर बसव. पोटावर उतरणाऱ्या विमानात तोच आधी मोडतो.

हिशेब असा बसतो. रिमोट-रिसीव्हर ५०००, चार्जर ६००, सिम्युलेटरची केबल ४००, वजनकाटा ३००, हे झाले ६३०० जमिनीवर. बॅटरी १६००, मोटर-ईएससी-प्रोपेलर ११००, चार सर्वो ५००, फोम आणि गोंद-तारा ६००, जादा प्रोपेलर ३००, अलार्म, एक्सटी६० कनेक्टर आणि हीटश्रिंक २५०, हे हवेतले ४३५०. एकूण १०,६५०. दुकानागणिक शे-दोनशे इकडेतिकडे होतील. सोल्डरिंगचं काम कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये कर. उरलेले तेराशे-चौदाशे कॅमेऱ्यावर घालू नकोस, ते दुसऱ्या सांगाड्याचे आहेत.

सुटे भाग मिळणं आता अवघड नाही. २०२२च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने काही अपवाद सोडून तयार ड्रोनची आयात बंद केली, पण भागांची आयात मोकळी ठेवली. पुण्याला जाणं झालं तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर दुकानं पालथी घाल. बॅटरी शक्यतो अशी हातात घेऊनच आण, फुगलेली आहे का ते बघता येतं.

जीपीएस आणि फ्लाइट कंट्रोलर या विमानात घालू नयेत असं माझं ठाम मत आहे. ज्याला विमान हाताने सावरता येत नाही, त्याला कंट्रोलरची मांडणी चुकली आहे हे हवेत ओळखता येत नाही. कॅमेरा तर त्याहून पुढची गोष्ट. सुरुवातीचे महिने तुझे डोळे विमानावरच असायला हवेत.

उडवण्याआधी तोल बघ. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव भाग ते तीस टक्के, म्हणजे आपल्या पंखात पाच ते सहा सेंटीमीटरवर दोन्ही बाजूंना खालून खूण कर. बॅटरीसह विमान खुणांवर दोन बोटांनी उचल. नाक किंचित खाली झुकलं तर ठीक, शेपूट झुकली तर बॅटरी पुढे सरकव. शेपूट जड असलेलं विमान नवशिक्याच्या हातात सावरत नाही, हे काम अंदाजाने सोडू नकोस. मोटर उलटी फिरली तर तिच्या तीन तारांपैकी कुठल्याही दोन अदलाबदल कर. टेबलावर चाचणी करताना प्रोपेलर नेहमी काढलेला असू दे. दहा इंची प्रोपेलर बोट कापतो.

आणि विमान तयार होईपर्यंत सिम्युलेटरवर बस. पिकासिम फुकट मिळतो, एफएस-आय६ केबलने संगणकाला जोडता येतो. विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागलं की डावं-उजवं उलटं वाटतं, आणि पहिली विमानं बहुधा इथेच जातात. त्यावर उपाय एकच : जो पंख खाली झुकलेला दिसतो त्याच्याकडे काठी ढकलायची. हे विचार न करता होऊ लागलं की मैदानावर जा. पहाटे, वारा नसताना, ऊसतोडणी झालेल्या मोकळ्या रानात, विजेच्या तारांपासून लांब. मित्राला विमान झुळूक येत असेल त्या बाजूला तोंड करून, सरळ समतल ढकलायला सांग. वर फेकायला नाही.

प्रश्न : घरी बनवलेल्या विमानाला परवाना लागतो का? आमच्या सोसायटीच्या मागे मोठं मैदान आहे, तिथे उडवलं तर चालेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : २०२१च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंत नॅनो आणि त्यापुढे दोन किलोपर्यंत मायक्रो असे वर्ग आहेत. वर वर्णन केलेलं विमान मायक्रोत येतं. व्यावसायिक कामासाठी नसलेल्या मायक्रोला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, आणि शिक्षण किंवा छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या मॉडेल विमानाला टाइप सर्टिफिकेटही लागत नाही. नोंदणी आणि ओळख क्रमांकाची अट मात्र वेगळी आहे, ती उडवण्याआधी पूर्ण करावी.

जागेचा प्रश्न तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचा. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडवता येतं, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच, आणि पिवळ्या-लाल क्षेत्रात परवानगीशिवाय नाही. पुण्यात लोहगावचं हवाई दलाचं ठाणं, खडकवासल्याला एनडीए, शिवाय लष्कराच्या इतर हद्दी आहेत. तेव्हा मैदान कितीही मोकळं दिसलं तरी आधी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा हवाई क्षेत्र नकाशा उघडून तुमची जागा बघा. पोलिसांचे तात्पुरते मनाई हुकूमही असतात. मुंबईत तर ड्रोन आणि रिमोटवरच्या लहान विमानांवर असे हुकूम वरचेवर निघतात. नकाशावर जागा हिरवी असली तरी सोसायटीमागचं मैदान मला पसंत नाही. साडेसहाशे ग्रॅमचं विमान ताशी पन्नास किलोमीटरने खेळत्या मुलावर आलं तर मोठी इजा होईल. शहराबाहेर जा.

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. तिला विमानाचं वेड आहे, पण इतका खर्च आम्हाला जमणार नाही. काही करता येईल का?
– एक आई, चिपळूण

उत्तर : ताई, शंभर रुपयांत उत्तम सुरुवात होते, आणि रिमोटवाल्या मुलांनीही आधी हेच करावं असं मला वाटतं. तीन मिलिमीटरचा हलका फोम किंवा पॅकिंगमधून निघालेली पातळ फोमची शीट घ्या. चाळीस सेंटीमीटर लांब आणि आठ सेंटीमीटर रुंद पंख कापा, मधे हलकी घडी घालून दोन्ही टोकं तीन सेंटीमीटर उचला. धडाला बांबूची पट्टी, मागे आडवी आणि उभी शेपटी, नाकावर मातीचा गोळा. पंखाच्या पुढच्या कडेपासून सव्वादोन सेंटीमीटरवर बोटांनी उचलल्यावर ते समतल राहिलं पाहिजे.

हातातून सोडताना नाक किंचित खाली ठेवून हलकंच पुढे ढकलायचं. विमान वर चढून थबकलं आणि मग कोसळलं, तर माती थोडी वाढवा. सरळ जमिनीत शिरलं, तर माती कमी करा किंवा आडव्या शेपटीची मागची कड एखादा मिलिमीटर वर वाकवा. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा, हे तिला जरूर सांगा. अंतर पावलांनी मोजू दे. उभ्या शेपटीची कड किंचित वाकवली की विमान गोल फिरू लागतं, आणि लहान अंगणातही पुरतं. हे जमलं की त्याच विमानावर रबराने फिरणारा हलका प्रोपेलर बसवता येतो.

शाळेत किंवा पुढे कॉलेजात एनसीसीची हवाई शाखा असेल तर चौकशी करून ठेवा. तिथे एरोमॉडेलिंग शिकवतात आणि त्याच्या स्पर्धाही होतात. तुमच्याकडे पावसाळ्यात बाहेर काही करता येणार नाही, तेव्हा ते चार महिने शाळेच्या सभागृहात बंद दारं-खिडक्यांत उडवायला मुख्याध्यापकांची परवानगी मागा. वारा नसलेल्या खोलीत ग्लायडरची प्रत्येक चूक स्पष्ट दिसते.